भाड्याच्या जुन्या घरातला ऑइल पेंट आणि लहान मूल: शिशाचा धोका कितपत धरावा?

साखरपेठकर (प्रश्न)

नमस्कार. सोलापुरात साखर पेठेतील एका जुन्या वाड्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही गेल्या पावसाळ्यापासून भाड्याने राहतो. घर माळवदाचे, जाड भिंतींचे. उन्हाळ्यात थंड राहते आणि भाडेही आवाक्यातले, म्हणून घेतले. घरात आम्ही चौघे: मी, यजमान, सव्वा वर्षाचा मुलगा आणि अक्कलकोट रस्त्यावर बॅटरी दुरुस्तीच्या दुकानात कामाला जाणारे माझे धाकटे दीर.

भिंतींना चुना आणि त्यावर डिस्टेंपर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र दारे, चौकटी, खिडक्यांची झडपे आणि गज यांवर वर्षानुवर्षांचे ऑइल पेंटचे थर चढलेले आहेत. सर्वांत वरचा थर हिरवा, त्याखाली पिवळा, आणि गजांवरचा पोपडा जिथे खोलवर निघाला आहे तिथे आतून शेंदरी रंग दिसतो. खिडकी उघडताना झडप चौकटीला घासते आणि खालच्या लाकडी कट्ट्यावर हिरवट-पिवळी पूड साचते. पुसली तरी काही दिवसांत पुन्हा तेवढीच. मुलगा त्याच कट्ट्याला धरून उभा राहायला शिकला आणि आता त्या कट्ट्याची कड चावत बसतो.

घरमालक सज्जन आहेत. दिवाळीआधी सगळी दारे-खिडक्या पार लाकडापर्यंत घासून नवा रंग देतो, असे त्यांनी आपणहून सांगितले आहे. रंगारी आम्ही राहत असतानाच एकेक खोली उरकणार आहेत. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असते असे बहिणीकडून ऐकल्यापासून मात्र या कामाचा आनंद वाटण्याऐवजी धास्ती वाटू लागली आहे. रंगात शिसे आहे हे कसे ओळखावे, काम चालू असताना घरात राहावे की नाही, मुलाचे रक्त तपासून घ्यावे का, आणि उद्या खर्चावरून मालकांनी हात आखडता घेतला तर भाडेकरू म्हणून आम्हाला काय करता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पॉलिशपेपर

ताई, मी सोलापुरात आयुष्यभर रंगकामाचे ठेके घेतले, आता मुले व्यवसाय पाहतात. तुमच्या वर्णनावरून त्या दारा-खिडक्यांच्या रंगात शिसे असण्याची शक्यता बरीच आहे असे धरूनच चाला. पिवळा, नारिंगी आणि लाल ऑइल पेंट उठावदार व्हावा म्हणून त्यात पूर्वी लेड क्रोमेट (शिशाचे पिवळे संयुग) सर्रास वापरत. हिरवा रंग तर पुष्कळदा त्याच पिवळ्यात निळा मिसळून बनवलेला असे. गजांवर आतून दिसणारा शेंदरी थर हा रेड लेडचा प्रायमर असू शकतो. लोखंडाला गंज चढू नये म्हणून तो लावायची पद्धत होती, आणि रेड लेड म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. आपण आता सर्वत्र पाहतो तो रेड ऑक्साइड वेगळा. तो विटकरी असतो आणि लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनतो. अर्थात नुसत्या डोळ्यांनी पाहून खात्री देता येत नाही. सगळे थर येतील असा पोपडा प्रयोगशाळेत देऊन तपासता येतो, किंवा एक्सआरएफ नावाचे हातात धरायचे यंत्र असणारा कोणी मिळाला तर रंगाला धक्का न लावता जागेवरच कळते. ऑनलाइन मिळणाऱ्या, पुसून रंग बदलणाऱ्या कांड्यांवर मी विसंबणार नाही. वरचा थर नवा असेल तर खालचे शिसे त्यांना सापडत नाही.

आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर बंधन आणणारे केंद्र सरकारचे नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजी निघाले आणि वर्षभराने लागू झाले. मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद. त्याआधीच्या थरांना हा नियम लागू होण्याचा प्रश्नच नाही. ते दारावर जसेच्या तसे आहेत. शिवाय हे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरते आहेत. गाड्यांचे, यंत्रांचे, कारखान्यातले इनॅमल त्यात येत नाही, आणि उरलेला डबा स्वस्तात मिळाला म्हणून तेच घराच्या फाटकाला फासणारे महाभाग मी पाहिले आहेत. म्हणून नवा रंग घेताना बंद डबा घ्या आणि त्यावर शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसल्याचा उल्लेख छापलेला आहे का ते वाचा. सुटा, अर्धा डबा नको.

आता मुख्य मुद्दा. रंग घट्ट बसलेला असेल तोवर त्याचा फारसा त्रास नाही. त्रास होतो तो घासल्या जाणाऱ्या जागी, म्हणजे तुमच्या झडपेला आणि उंबरठ्याला, आणि सर्वांत जास्त होतो तो रंगकामाच्याच आठवड्यात. 'पार लाकडापर्यंत घासू' हे मालकांना चांगले काम वाटते, पण कोरड्या पॉलिश पेपरने किंवा ग्राइंडरला चकती लावून जुना ऑइल पेंट घासला की जी धूळ उठते ती इतकी बारीक असते की शेजारच्या खोलीतल्या अंथरुणापर्यंत जाते. ब्लो लॅम्पने रंग जाळून काढणे त्याहून वाईट, कारण शिशाचा धूर थेट नाकात जातो. रंगारी पोरेही तोच धूर आणि तीच धूळ खातात. त्यांचा विचार कोणी करत नाही, हे माझ्या धंद्याचे जुने दुखणे आहे.

त्यामुळे लाकडापर्यंत जाऊच नका. सुटलेले पोपडे तेवढे पाण्याचा फवारा मारून ओले करून काढावेत, कडा वॉटर पेपरने ओल्यानेच मऊ कराव्यात, लांबी (पुट्टी) भरावी, प्रायमर आणि नवा रंग वरून द्यावा. जुना थर खाली कोंडला गेला की तो निरुपद्रवी राहतो, फक्त झडप पुन्हा घासता कामा नये. त्यासाठी बिजागऱ्या ढिल्या झाल्या असतील तर सुताराकडून नीट बसवून घ्या. झडप रंधून बारीक करायचीच झाली तर ती उतरवून घराबाहेर, मुले खेळत नाहीत अशा जागी, ओली करून रंधावी. खोलीतले सामान बाहेर काढा, जमिनीवर प्लास्टिकचा कागद पसरून कडेने टेप लावा, दाराला ओली चादर टांगा. झाल्यावर केरसुणी अजिबात फिरवू नका. धूळ उडते आणि पुन्हा बसते. आधी साबणाच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने, फडके बदलत पुसून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी पेठेत हटकून घडते. बदललेल्या जुन्या चौकटी आणि फळ्या लोक बंबात घालतात. रंगवलेले लाकूड बंबात जाळले की शिसे धुरात आणि राखेत उतरते, आणि तीच राख कुठे भांडी घासायला वापरली जाते. ते लाकूड बंबाच्या आसपासही येऊ देऊ नका.

गिरणगाववाला

एवढी भीती घालण्याची गरज आहे का? आमची अख्खी पिढी जुन्या गिरणीच्या चाळींत आणि पेठांतल्या अशाच हिरव्या दारांच्या घरांत वाढली. शिकलो, नोकऱ्या केल्या, कुणाला काही झाले नाही. सामान्य माणसाने दारातल्या रंगाचाही अहवाल मागायचा म्हटले तर भाड्याने घर मिळणेच बंद होईल.

बालरोग_सोलापूर

मी बालरोगतज्ज्ञ आहे. आधी गिरणगाववाल्यांच्या शंकेचे उत्तर देतो, कारण ती रास्त आहे आणि माझ्याकडे येणारे आजी-आजोबाही हेच म्हणतात. 'काही झाले नाही' हे ठरवले कसे? त्या काळी कोणाचे रक्तच तपासलेले नव्हते. शिसे मुलाच्या मेंदूवर जे काम करते ते तापासारखे दिसत नाही. मूल खेळते, जेवते, शाळेत जाते, फक्त त्याची एकाग्रता, शिकण्याचा वेग आणि बुद्ध्यांक यांतला काही भाग हरवतो. तो एका मुलाकडे पाहून कळत नाही, हजारो मुलांची तुलना केल्यावर कळतो. तुमच्या पिढीने तर रंगाखेरीज शिसेयुक्त पेट्रोलचा धूरही घेतला. देशभर ते बंद झाले ते २००० साली. आणि हे ज्ञान काही कालचे नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे नेत्रतज्ज्ञ लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच लिहून ठेवले होते की मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचे मूळ त्यांच्या घरांच्या व्हरांड्यातील रंगवलेल्या कठड्यांत आहे: उन्हाने रंगाची भुकटी होते, ती हाताला लागते आणि हात तोंडात जातो. खिडकीचा कट्टा चावणाऱ्या सव्वा वर्षाच्या बाळाचे वर्णन याहून वेगळे काय आहे?

ताई, तुमच्या मुलाची तपासणी करून घ्या, असे मी स्पष्टपणे सांगेन. रंग चावण्याची सवय आणि घरात बॅटरीचे काम करणारा माणूस, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. सहा महिने ते तीन वर्षे हा सर्वांत नाजूक काळ, कारण मूल रांगते, प्रत्येक वस्तू तोंडात घालते आणि पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या मानाने चार-पाच पट शिसे शोषून घेते. तपासणी शिरेतून घेतलेल्या रक्ताची करावी. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळून आकडा खोटा वाढू शकतो. मोठ्या खासगी प्रयोगशाळांची संकलन केंद्रे नमुना घेऊन मुख्य प्रयोगशाळेकडे पाठवतात, तेव्हा 'ब्लड लेड' होते का हे आधी फोनवर विचारून घ्या. रंगकाम सुरू होण्यापूर्वी एकदा तपासले तर पुढे तुलनेला आधार राहील.

आकडा वाचताना एक लक्षात ठेवा. शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळले तर स्रोत शोधून तो बंद करावा. अमेरिकेने त्याच वर्षी आपली संदर्भ-पातळी ३.५ वर आणली. अहवालाच्या कागदावर कधी कधी मोठ्या माणसांची, कारखान्यातील कामगारांची मर्यादा 'नॉर्मल' म्हणून छापलेली असते, तिच्यावर जाऊ नका. शिसे बाहेर काढणारी औषधे साधारणपणे ४५ च्या वर गेल्यावरच विचारात घेतात, तीही रुग्णालयात. त्याखाली खरा उपचार एकच, स्रोत तोडणे. त्यानंतर रक्तातील पातळी काही महिन्यांत हळूहळू उतरते. हाडांत गेलेले शिसे मात्र वर्षानुवर्षे राहते, आणि गरोदरपणात ते आईच्या हाडांतून सुटून बाळापर्यंत पोचू शकते. तुम्ही दुसऱ्या बाळाचा विचार करत असाल तर हेही ध्यानात असू द्या.

सोबत हिमोग्लोबिन आणि लोहाची तपासणी करा. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलात शिसे अधिक शोषले जाते, आणि या वयात दुधावर राहून लोह कमी झालेली मुले मला रोज दिसतात. बाळाला मऊ भाकरी, नाचणी, डाळ, पालेभाजी, वर लिंबू असे द्या. रिकाम्या पोटी शिसे जास्त शोषले जाते, म्हणून थोडे थोडे पण वेळेवर खाऊ घाला.

आता तुमच्या दिरांविषयी, कारण माझ्या मते दाराइतकेच लक्ष इथे हवे. बॅटरीच्या पट्ट्या शिशाच्या असतात आणि त्यांवरची करडी पूड कपड्यांना, केसांना, बुटांना लागून घरी येते. त्यांनी दुकानातच कपडे बदलावेत, ते शक्य नसेल तर घरात शिरताच न्हाणीत जावे आणि आंघोळ होईपर्यंत बाळाला उचलू नये. त्यांचे कपडे बाळाच्या कपड्यांत भिजवू नका, बूट उंबरठ्याबाहेर राहू द्या. त्यांचे रक्तही तपासा. मोठ्या माणसात शिसे रक्तदाब आणि मूत्रपिंडावर परिणाम करते. याशिवाय बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालत असाल तर बंद करा (त्यातही शिसे असू शकते), देवाचा शेंदूर बाळाच्या कपाळाला लावू नका (पारंपरिक शेंदूर हाही शिशाचाच ऑक्साइड), आणि खूपच झगझगीत पिवळी सुटी हळद (तिच्यात लेड क्रोमेटची भेसळ असू शकते) घेण्यापेक्षा हळकुंडे आणून दळून घ्या.

करारनामा

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. मी सोलापुरातच भाडेकरारांची कामे करतो. अमेरिकेत १९७८ पूर्वी बांधलेले घर भाड्याने देताना शिशाच्या रंगाबद्दल जे काही ठाऊक असेल ते करारावर सही होण्याआधी भाडेकरूला लेखी सांगावे लागते. हे बंधन १९९६ पासून आहे. आपल्याकडे घरमालकावर असे काही सांगण्याचे बंधन नाही. त्यामुळे 'रंगात शिसे आहे' एवढ्या कारणावर थेट दाद मागण्याचा रस्ता जवळपास नाही; दुरुस्तीच्या रस्त्यानेच जावे लागते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्यायोग्य आणि दुरुस्त स्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने टाळाटाळ केली तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. महिना चार हजार भाडे असेल तर वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार, आणि वळते करता येतील ते बारा हजार. पोपडे निघालेली दारे आणि न लागणाऱ्या खिडक्या दुरुस्तीत बसवता येतात.

पण ताई, तुमचा कागद आधी पाहा. आजकाल बहुतेक करार अकरा महिन्यांचे, लिव्ह अँड लायसन्सचे असतात. त्यात तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असता, आणि कलम १४ हे भाडेकरूसाठी आहे. अशा वेळी करारात जे लिहिले तेच कामाला येते. नूतनीकरणाची वेळ जवळ आली असेल तर दोन ओळी घालून घ्या: रंगकाम ओल्या पद्धतीने होईल, कोरडे घासणे किंवा जाळणे होणार नाही, आणि त्या काळात कुटुंब बाहेर राहिल्यास तेवढ्या दिवसांचे भाडे लागणार नाही. करार नोंदणीकृत करून घेणे ही कलम ५५ नुसार मालकाची जबाबदारी आहे, हेही सांगून ठेवतो, कारण पेठांत अजूनही नोटरीच्या कागदावर भागवले जाते.

मालक सज्जन आहेत असे तुम्ही म्हणता, तर नोटिशीने सुरुवात करू नका. खिडकीच्या कट्ट्याचे आणि पोपड्यांचे फोटो तारखेसह काढून ठेवा आणि शक्य तर बाळाच्या तपासणीचा अहवाल हाती आल्यावर, साधे पत्र देऊन समोरासमोर बोला. ओले काम लाकडापर्यंत घासण्यापेक्षा स्वस्त पडते, हा मुद्दा मालकाला कायद्यापेक्षा लवकर पटेल.

साखरपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. मालकांशी काल बोलणे झाले. लाकडापर्यंत न घासता वरून रंग द्यायचा म्हणताच ते लगेच तयार झाले; करारनामा यांनी लिहिले तसे खर्चाचे गणित त्यांना आवडले असावे. मुलाला घेऊन मी काम संपेपर्यंत बार्शीला माहेरी जाते आहे. त्याची आणि दिरांची रक्ततपासणी जाण्यापूर्वी करून घेणार आहोत. तोवर कट्ट्यावर जाड चिकटपट्टी लावली आहे आणि पाळणा खिडकीपासून हलवला आहे.

पॉलिशपेपर काकांना एकच विचारायचे आहे. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि साठवलेले पाणी जपून वापरावे लागते. ओल्या कामाला किती पाणी लागेल, आणि ते रंगाचे गढूळ पाणी टाकायचे कुठे? वाड्याच्या चौकात सगळ्यांची मुले खेळतात आणि एका बाजूला शेजारच्या काकूंची कोथिंबीर, मेथी आहे.

पॉलिशपेपर

चौकात तर थेंबभरही नको. फवाऱ्याची बाटली वापरली तर एका खोलीच्या दारा-खिडक्यांना पोपडे ओले करायला फार पाणी लागत नाही. पाणी जाते ते शेवटच्या पुसण्याला. त्यासाठी पाणी येण्याच्या आदल्या दिवशी घासण्याचे काम उरकायला सांगा, म्हणजे पुसायला ताजे भरलेले पाणी हाती राहील. पुसण्याला दोन बादल्या ठेवायच्या, एक साबणाची आणि एक फडके पिळायची. पिळण्याच्या बादलीतले पाणी रात्रभर स्थिर राहू द्या, वरचे निवळलेले पाणी संडासात ओता आणि तळाचा गाळ, पोपडे, टाकाऊ फडकी, प्लास्टिकचा कागद हे सगळे एका जाड पिशवीत घट्ट बांधा. घंटागाडीवाल्याला ती पिशवी वेगळी द्या आणि आत काय आहे ते सांगा.

तुम्ही परत येण्याआधी यजमानांना रिकाम्या खोल्या एकदा स्वतः तपासायला सांगा. ओले पांढरे फडके खिडकीच्या कट्ट्यावर, झडपेच्या वरच्या कडेवर, कोनाड्यात आणि दाराच्या मागच्या कोपऱ्यात फिरवायचे. रंगीत पूड दिसली तर रंगाऱ्याचा शेवटचा हप्ता द्यायच्या आधी पुन्हा पुसून घ्यायचे. आणि गजांची बाहेरची, गल्लीकडची बाजू रंगवल्याशिवाय कामगारांना सोडू नका. ती बाजू दिसत नाही म्हणून हमखास राहते, आणि तिच्यावरचाच पोपडा वाऱ्याने आत येतो.